दुपारचे सहा आकडे

चिमीच्या आईचं म्हातारपण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं होतं आणि दिवसभर घुरघुरत होतं.

म्हणजे झालं होतं असं. चिमी व्हायच्या आधी ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मालक पुढे बसून गिऱ्हाइकाला फ्रेमी दाखवायचा आणि मागच्या चिंचोळ्या खोलीत ही भिंगं घासून फ्रेमीत बसवायची. फिरत्या दगडावर पाण्याची बारीक धार, भिंगाचा कर्रकर्र आवाज, बोटांच्या पेरांत पांढरा गाळ. हात असा बसलेला, की फ्रेम नुसती उजेडाला धरली तरी कुठली काडी तिरकी आहे ते सांगायची. पगारातून दर महिन्याला फंड कापला जायचा. कापला जातोय हे तिला पगाराच्या चिठ्ठीवर दिसायचं, पण तिकडे कधी लक्ष गेलं नाही. कापलेल्या केसांकडे कोण बघतं?

मग चिमी झाली. पोरीची छाती नाजूक. चार दिवस बरे गेले की पाचव्या दिवशी धाप लागायची. पाळणाघरवालीने हात जोडले, म्हणाली, "बाई, माझ्या अंगावर नको." सासू लग्नाच्या आधीच गेलेली, आई भावाच्या संसाराला जुंपलेली. नवरा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. कुणीतरी घरी बसायला हवं होतं आणि ट्रक काही घरी बसून चालवता येत नाही. तिने दुकान सोडलं. फंडाचे पैसे हातात आले आणि त्याच आठवड्यात फ्रिज आला, कारण चिमीचं एक औषध गारव्यात ठेवावं लागायचं. तेव्हा त्यात चुकीचं काही नव्हतं. आताही नव्हतं. फक्त पैसे संपले होते आणि फ्रिज राहिला होता, तोही आता खालून पाणी सोडायला लागला होता.

चिमी मोठी झाली तशी छाती सुधारली. पोरगी शाळेत जायला लागली, संध्याकाळपर्यंत तिकडेच. सकाळची धावपळ उरकून दार लावलं, की घर असं गप व्हायचं, की फ्रिजची घुरघुर मधेच थांबली तर ही दचकायची. नळ, गॅस, घड्याळ, परत नळ, असं बघत फिरायची. दुपारी कुणाशी बोलायची वेळ आली, तर आधी घसा खाकरावा लागायचा, इतका तो न वापरलेला.

असंच एकदा भाजी बाजारात दुकानातली जुनी जोडीदारीण भेटली. शेजारच्या टेबलावर बसून फ्रेमींचे स्क्रू पिळायची ती. अजून तिथेच होती. दोघींनी पिशव्या खाली ठेवल्या.

"काय गं, अशी काय झालीस? ओळखलंच नाही आधी."

"अशी म्हणजे कशी?"

"घरच्यासारखी," ती म्हणाली. मग स्वतःबद्दल सांगत सुटली. मालकाचा पोरगा गल्ल्यावर बसतो, त्याला काही कळत नाही, नवं मशीन आलंय ते आपोआप घासतं. "माझी आता थोडीच वर्षं राहिली बघ. फंड हातात येईल आणि शिवाय महिन्याचे महिन्याला पेन्शन बसल्या जागी येत राहील. तुझं काय?"

"माझं काय. ह्यांचं आहे की."

"ह्यांचं ते ह्यांचं. मी तुझं विचारतेय."

"माझा फंड फ्रिजमध्ये गेला."

"मग काढ की बाहेर, गारठला असेल." जोडीदारीण हसली आणि तिच्या दंडावर चापट मारून बसकडे पळाली.

चिमीची आईही हसली होती. पण घरी येऊन भाजी फ्रिजमध्ये लावताना ते हसू कुठल्या कुठे गेलं. नवऱ्याच्या नावावर जे काय होतं, त्या सगळ्यावर हिचं नाव वारस म्हणून होतं. विम्यावर वारस, बँकेत वारस, ट्रकमालकाकडच्या फंडावर वारस. मालकीण कशाचीच नाही. ड्रायव्हरचे डोळे अधू झाले की नोकरी गेली, आणि डोळे कसे अधू होत जातात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने दुकानात वर्षानुवर्षं लोकांचे नंबर वाढताना बघितले होते. दोघं म्हातारी होणार होती. त्याच्याकडे थोडंफार असणार होतं. हिच्याकडे त्याच्याकडचं मागायची सवय असणार होती.

चिमीच्या शाळेच्या रस्त्यावर वाचनालय होतं. त्याच्या दारावर एक कागद चिकटवलेला: निवृत्तीसाठी पैसा कसा गुंतवावा, दर बुधवारी दुपारी, फी नाही. ती दोन बुधवार दारावरून गेली. तिसऱ्या बुधवारी आत शिरली.

आत सगळी पिकली डोकी. बहुतेक जोडीजोडीने बसलेली, एकाच कागदात दोघं बघतायत, एकमेकांच्या चुका काढतायत. ही मागे, पंख्याखालच्या खुर्चीत. शिकवणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना बँकवाले काका म्हणायचे. काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही कुणासाठी आलात? वडिलांसाठी?"

"माझ्यासाठी."

"नोकरी कुठे?"

"घरी."

पुढच्या रांगेतल्या एका बाई मागे वळून बघायला लागल्या. काका म्हणाले, "मग तुम्ही सगळ्यांत आधी यायला हवं होतं. नोकरीवाल्याचं काहीतरी आपोआप साठत जातं. तुमचं तुम्ही ठरवल्याशिवाय कुणी साठवणार नाही."

"माझं नाव वारस म्हणून आहे सगळीकडे."

"वारसाला मिळतं ते माणूस गेल्यावर. माणूस असताना काय?" काकांनी तो प्रश्न तसाच टांगून ठेवला आणि फळ्याकडे वळले.

पहिल्या दिवशी सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. रोखे, शेअर, फंडाचा खर्च, महागाई. पण दुसऱ्या बुधवारी काका म्हणाले, जवळच्या गरजेचा पैसा एकीकडे ठेवायचा आणि लांबच्या गरजेचा दुसरीकडे, दोन्ही एकाच जागी ठेवले की एकही धड दिसत नाही. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे दोन नंबरांचा चष्मा. खाली वाचायचं, वर लांबचं." काका थांबले. म्हणाले, "हे मी आता पुढच्या वर्गाला सांगणार, आणि तुमचं नाव सांगणार नाही." वर्ग हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच घराबाहेरचं माणूस तिच्या बोलण्यावर हसलं होतं. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिने काकांचा चष्मा मागून घेतला. डावी काडी बघवत नव्हती तिला. पर्समधला बारीक पेचकस काढून उभ्या उभ्या सरळ करून दिली. दुकान सुटलं तरी पेचकस सुटला नव्हता.

नवरा त्या आठवड्यात घरी होता. ट्रकवाला घरी असतो म्हणजे काय, तर त्याचे बूट दारात असतात आणि तो पलंगावर असतो. जेवताना जागा सापडला, तेव्हा तिने विषय काढला. चिमीच्या औषधांचा खर्च आता थांबलाय, तेवढे पैसे दर महिन्याला माझ्या नावाने फंडात टाकीन म्हणते.

"कशाला?"

"म्हातारपणासाठी."

"अजून केस काळे आहेत तुझे."

"काळे आहेत तोवरच सुरू करायचं असतं, काका म्हणतात."

"हे काका कोण आले मधेच?"

"बँकवाले. सत्तरीचे आहेत, जेवा."

तो जेवला. मग हात धुता धुता म्हणाला, "माझं आहे ते तुझंच आहे की गं."

"मग माझं होईल तेही तुमचंच. होऊ तर द्या."

"मला टाकून पळायचा बेत दिसतोय म्हातारपणी."

"पळायला गुडघे राहिले तर बघू."

तो हसला, पलंगावर जाऊन कुशीवर वळला आणि घोरायला लागला. म्हणजे होकारच तो.

खातं उघडायला ती फंडाच्या कचेरीत एकटीच गेली. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, सही केली. मोबाइल नंबरच्या चौकटीत तिने न थांबता नवऱ्याचा नंबर लिहिला. गॅसला तोच, दूधवाल्याला तोच, विजेच्या बिलाला तोच, चिमीच्या शाळेतही तोच. हाताला वळणच ते. पर्समध्ये तिचा स्वतःचा चांगला टचस्क्रीनचा फोन होता, पण त्यालाही नंबर असतो हे तिच्या डोक्यात आलं नाही.

घोळ कळला पहिला हप्ता भरताना. फोनवर रक्कम टाकली, बटण दाबलं, तर तिथे अक्षरं आली: आपल्या मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी टाका. मोबाइल आपला, पण तो होता ट्रकच्या केबिनीत, कुठल्या तरी घाटात.

तिने फोन लावला. त्याने उचलला नाही. गाडी चालवताना तो फोन उचलत नसे, मग देव का येईना फोनवर. दुपारी जेवायला थांबल्यावर त्याने उलट लावला.

"काय झालं? चिमी बरी आहे?"

"बरी आहे. तुमच्या फोनवर आकडे आलेत का बघा."

"कसले आकडे?"

"माझ्या म्हातारपणाचे."

तो बटणांचा फोन होता. केबिनीतून पडला तरी फुटत नाही म्हणून त्याने जपलेला. त्याच्यावरून निरोप पुढे पाठवणं ह्या बाबाला जमत नसे, जाड बोटांनी एक दाबायला जावं तर तीन उमटायचे. मग वाचूनच दाखवायचं. त्याने वाचले, तर ते जुने झालेले. तिने पुन्हा मागवले. फोन तसाच कानाला. पलीकडे ताटल्यांचे आवाज, कुणाचा तरी हॉर्न, कुणीतरी त्याला विचारतंय, बायको का?

"आले. लिही. चार. शून्य. शून्य. सात. अगं, लिहितेस ना?"

"लिहितेय, पुढे."

"सात. दोन."

"सात दोनदा?"

"दोनदा. आता लॉटरी लागणार बहुतेक."

हप्ता गेला. पडद्यावर हिरवी खूण आली. तो म्हणाला, "झालं? बरं." आणि ठेवायच्या आधी, उगीचच, "इकडे काय ऊन आहे गं." तीही म्हणाली, "इकडे पण." तेवढंच. पण त्या दुपारी नळ-गॅस-घड्याळ करताना घर तिला जरा कमी गप वाटलं.

एरवी त्यांचे फोन म्हणजे हिशेबच. पोचलो. निघालो. चिमी काय करतेय. जेव. ठेवतो. दोघंही बोलण्यात गरीब, आणि फोनवर तर दोघांची जीभ पार लुळी. पण आकडे मागवायला आणि यायला थोडा वेळ लागायचा आणि तेवढा वेळ फोन ठेवता यायचा नाही. मग त्या रिकाम्या वेळात काहीतरी बोलावं लागायचं. तो सांगायचा, मागचं टायर खातंय एका बाजूने. पाठ धरलीय. क्लीनर नवा आलाय, झोपेत गातो. ती सांगायची, फ्रिज गळतोय. चिमीला वर्गात पुढे बसवलंय, कारण पाठीमागे बडबडते. तो म्हणायचा, "बडबडते? कुणावर गेली कोण जाणे." मग आकडे यायचे. आकडे आले की तो लगेच कामाच्या आवाजात वाचायचा, आणि मग ठेवायचा.

काकांना हे कळलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "नंबर बदलून घ्या. स्वतःचा टाका. एका खेपेचं काम आहे."

"हो, जाते."

पुढच्या बुधवारी पुन्हा विचारलं, "बदललात?"

"चिमीला बरं नव्हतं."

चिमीला बरं होतं. पावसाचं, पाहुण्यांचं, कागद सापडत नसल्याचं, अशी कारणं होत गेली. मग एकदा काकांनी तिचा उतारा बघायला मागितला. पैसे नीट कुठल्या फंडात गेलेत ना, खर्च फार तर कापत नाहीत ना, ते बघायला. बघता बघता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे काय? महिन्याचा हप्ता तुम्ही चार तुकड्यांत भरता?"

"हाताशी येतात तसे भरते."

"फायदा काही नाही हो ह्यात. एकदम भरा नाहीतर तोडून भरा, इतक्या लांबच्या मुदतीत काडीचा फरक पडत नाही. उगाच चार वेळा ती ओटीपीची कटकट."

"नाही, तशी काही कटकट नाही," ती म्हणाली आणि उतारा घडी करून पर्समध्ये ठेवला.

काकांनी मग पुढे विचारलं नाही. चष्मा काढून पुसला. काडी अजून सरळ होती.

असं वर्षभर चाललं असेल. शेअर बाजार मधे पडला. वर्गातल्या म्हाताऱ्यांनी घाबरून खाती उघडून बघायला सुरुवात केली. हिने बघितलंच नाही. काका म्हणाले होते, झाकण उघडून उघडून बघू नका, आणि तिला नाहीतरी बघायचं वेगळंच असायचं. घड्याळ. नदीवरचा पूल ओलांडला की तो जेवायला थांबतो. मग तिचा हात फोनकडे.

आणि मग एका दुपारी आकडे मागवून तिने फोन लावला, तर पलीकडून एक बाई ठरावीक आवाजात म्हणाली की हा नंबर सेवेत नाही. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. ट्रकवाल्याच्या बायकोच्या डोक्यात आधी काय येतं ते सांगायला नको. ती तशीच उभी राहिली, एक हात फ्रिजवर. संध्याकाळी चिमी आल्यावर अनोळखी नंबरावरून फोन वाजला.

"मी बोलतोय."

"कुठे आहात तुम्ही?"

"रस्त्यावर. अजून कुठे असणार? हा नवा नंबर लिहून ठेव. मालकाने सगळ्यांना नवे फोन दिलेत, गाडी कुठे आहे ते त्याला तिकडे बसून दिसतं म्हणे. जुना बंद केला."

"बंद केला?"

"दोन-दोन फोनांत पैसे कोण भरणार? आणि त्या जुन्यावर दुसरं येत काय होतं? तुझे आकडेच यायचे."

तिने नुसता नंबर कॅलेंडरवर लिहिला. तो म्हणाला, "का, काय झालं?"

"काही नाही. लिहून घेतला."

दुसऱ्या दिवशी बुधवार नव्हता, तरी ती वाचनालयात गेली. काका वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पेपर बाजूला केला आणि पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलले. "अहो, बंद झालेला नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देते. मग तुमचे आकडे त्याच्याकडे जातील. तुमचं खातं, आणि किल्ली कुण्या परक्याच्या खिशात. आजच्या आज जा."

ती तिथूनच गेली. जाताना रस्ताभर एकच धास्ती: नवरा घरी नसताना होईल का हे? नंबर त्यांचा होता, म्हणजे त्यांची सही मागतील. ते गेलेत आठवड्याच्या खेपेला. साठवलेलं सगळं अडकलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि मागच्या वेळी निदान फ्रिज तरी आला होता, आता तेही नाही.

काउंटरवरच्या पोरीने कागद बघितले, फोटो बघितला, हिचं तोंड बघितलं.

"मिस्टर गावाला आहेत," चिमीची आई आधीच म्हणाली. "त्यांची सही लागत असेल तर..."

"त्यांची कशाला? खातं तुमचं आहे ना?"

"हो."

"मग तुम्हीच करा. इथे."

पेन हातात घेऊन तिने सही केली. पोरीने कागद उलटा फिरवला आणि तिच्याकडे बघितलं. "हे काय? आईंची सही नको, तुमची पाहिजे."

कागदावर 'आई' लिहिलेलं होतं. चिमीच्या डायरीत रोज करायची तशी. काउंटरवरची पोरगी हसू दाबत होती, तर हीच आधी हसली. मग दुसरा कागद घेतला. थांबून, दुकानात माल आल्यावर पावतीवर करायची ती सही आठवली. पूर्ण नाव, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. पोरीने संगणकावर जुळवून बघितली आणि मान हलवली.

"नवा नंबर कुठला टाकू? मिस्टरांचा नवा आहे ना, तो की तुमचा?"

मागे रांग होती. कुणीतरी खोकलं. त्यांचा नवा नंबर कालच कॅलेंडरवर लिहिला होता, तो तिला अजून पाठ नव्हता. पण पर्समध्ये फोन होता, फोनमध्ये तो नंबर होता. काढायला किती वेळ लागला असता?

"माझा," ती म्हणाली आणि सांगितला.

चार दिवसांनी दुपारी तिने राहिलेला हप्ता भरला. बटण दाबलं, आणि पापणी लवायच्या आत तिच्याच हातातला फोन थरथरला. आकडे तिच्यापुढे. वाचून दाखवायला कुणी नाही, लिहायला सांगायला कुणी नाही. तिने टाकले. हिरवी खूण. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. बसल्या जागी सगळं उरकलं आणि दुपार पुढे तशीच उरली.

नवरा घरी आला, तेव्हा जेवताना त्याला आठवलं. "तुझे आकडे येत नाहीत ते हल्ली?"

"माझ्यावर येतात आता. नंबर बदलून घेतला."

"बरं झालं." त्याने घास घेतला. "तुझीही कटकट गेली."

"हो."

"पैसे आहेत ना नीट?"

"आहेत. माझ्या नावावर आहेत."

"झालं तर मग," तो म्हणाला. ताटाकडे बघत थोडा वेळ चघळत राहिला. काहीतरी बोलायचं असावं असं वाटलं, मग त्याने पाणी मागितलं. ती फ्रिजमधली बाटली काढायला उठली.

पुढच्या महिन्यापासून ती हप्ता एकदाच भरायला लागली. काकांनी उतारा बघितला आणि म्हणाले, "हे छान केलंत. सुटसुटीत."